गोदीकाठचा पब आणि गिरणगावची खाणावळ

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाच्या मनात पबची दोन चित्रं असतात, आणि दोन्ही परस्परांशी भांडत असतात. पहिलं चित्र टीव्हीवरचं. बीबीसीची ‘ईस्टएंडर्स’ ही मालिका १९८५ साली सुरू झाली, तेव्हापासून ‘क्वीन विक’ हा पब म्हणजे त्या वस्तीचं अंगण. भांडण तिथे, समेट तिथे, बारसं तिथे आणि मयतीनंतरचा चहाही (म्हणजे चहा नव्हेच) तिथेच. दुसरं चित्र आपण येताना सामानात बांधून आणलेलं. गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ १९१९ मध्ये रंगभूमीवर आलं, आणि तेव्हापासून दारू म्हणजे सुधाकर, दारू म्हणजे सिंधूचे हाल, आणि चार जण मिळून पितात म्हणजे तळीरामाचं ‘आर्यमदिरामंडळ’, हे समीकरण आपल्या मध्यमवर्गीय मनात पक्कं बसलं आहे. मंडळ हा शब्द गडकऱ्यांनी तिथे मुद्दाम वापरला. मराठी माणूस चांगलं काम करायला निघाला की मंडळ काढतो, वाईट करायला निघाला तरी मंडळच काढतो!

या दोन चित्रांपैकी एकही पुरतं खरं नाही, असं माझं म्हणणं आहे. आणि हा केवळ पुस्तकी वाद नाही. आपल्यापैकी अनेक मंडळांमध्ये ‘आठवड्याच्या मध्ये एखाद्या संध्याकाळी पबच्या मागच्या खोलीत भेटलो तर?’ असा प्रस्ताव कधी ना कधी येतो. कुणी नाक मुरडतं, कुणी ‘इथलं कल्चर आहे ते’ असं सांगतं, आणि विषय पुढच्या बैठकीवर जातो. तेव्हा पब ही गोष्ट मुळात होती काय, ती कुणासाठी होती, आणि आपल्याकडे तिच्या जागी काय होतं, हे एकदा नीट पाहायला हवं.

रीडिंगपासून सुरुवात

आपलं रीडिंग हे काही बंदर नव्हे. पण केनेट नदीकाठच्या धक्क्यांवर माल चढवणं-उतरवणं हा इथला जुना धंदा. न्यूबरीपर्यंतचा जलमार्ग १७२३ मध्ये झाला आणि १८१० मध्ये केनेट अँड एव्हन कालवा थेट ब्रिस्टलच्या बाजूला जोडला गेला. या गावाची ओळख तीन ‘बीं’ची: बिअर, बिस्किटं आणि बल्ब, म्हणजे सटन्स कंपनीची फुलझाडांची बियाणी आणि कंद. बिअर सायमंड्सची. १७८५ मध्ये सुरू झालेली ही ब्रुअरी ब्रिज स्ट्रीटवर केनेटच्या काठी उभी होती, म्हणजे आज आपण जिथे दिवाळीच्या आधी खरेदीला जातो त्या ओरॅकल मॉलच्या अगदी शेजारी. माल्टाच्या आरमारी बंदरापर्यंत तिचा व्यवहार होता. तिथल्या ‘सायमंड्स फार्सन्स सिस्क’ या कंपनीच्या नावात रीडिंगचं हे घराणं अजून टिकून आहे.

बिस्किटं हंटली अँड पामर्सची. किंग्ज रोडवरचा त्यांचा कारखाना १८४६ चा आणि तोही केनेटकाठीच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे पाच हजारांहून जास्त माणसं कामाला होती आणि त्यांच्यासाठी शेजारी ‘न्यूटाउन’ची चिंचोळी घरं उभी राहिली. मालक पामर मंडळी क्वेकर पंथाची. एकाच नदीच्या काठी वरच्या अंगाला बिअर गाळणारे सायमंड्स आणि खालच्या अंगाला बिस्किटं भाजणारे क्वेकर, आणि दोघांचं गिऱ्हाईक आणि मनुष्यबळ एकच. कामगारवस्तीचा सगळा इतिहास या दोन टोकांच्या मध्ये घडला. एकाला कामगाराचा आठवड्याचा पगार हवा होता, तर दुसऱ्याला सोमवारी सकाळी शुद्धीवर असलेला कामगार हवा होता. कामगाराला स्वतःला काय हवं होतं, हे विचारायला फारसं कुणी गेलं नाही.

बिस्किटांचं उत्पादन इथे १९७६ मध्ये थांबलं. ब्रुअरीही त्यानंतर काही वर्षांतच ब्रिज स्ट्रीटवरून गेली. त्यामुळे पबचा कामगारवस्तीशी असलेला संबंध खऱ्या अर्थानं पाहायचा असेल तर नदीबरोबर खाली लंडनच्या गोद्यांकडे जायला हवं.

पब होता नोकरभरतीचं ऑफिस

गोदीकाठच्या पबबद्दल बोलताना ‘कष्टकऱ्याची बैठकीची खोली’ असं एक गोड वर्णन नेहमी केलं जातं. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धंच आहे, आणि तेही उत्तरार्धातलं. पूर्वार्ध बराच कडू आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात थेम्समध्ये उत्तरेकडून कोळशाची जहाजं येत. त्यातला कोळसा उपसून काढणाऱ्या मजुरांच्या टोळ्या असत. या टोळ्या भरायचं काम कुणाकडे? तर नदीकाठच्या पबवाल्यांकडे. जहाजाच्या कप्तानाला माणसं हवी असली की तो पबवाल्याला सांगे. पबवाला आपल्या गिऱ्हाइकांतून टोळी उभी करी आणि मजुरीही पबमध्येच वाटली जाई. जो जास्त पितो त्याला पुढच्या जहाजावर काम आणि जो काटकसर करतो तो घरी, असा सरळ हिशेब होता. पगार हातात यायच्या आधीच त्यातला मोठा वाटा पाटीवरच्या उधारीत वळता झालेला असे. माणूस पितो म्हणून गरीब झाला, हे त्या काळच्या उपदेशकांचं आवडतं वाक्य. इथे उलट होतं. माणूस गरीब होता, त्याला काम हवं होतं, म्हणून त्याला प्यावं लागत होतं.

हेन्री मेह्यू या पत्रकारानं १८४९-५० च्या सुमारास या मजुरांशी आणि त्यांच्या बायकांशी बोलून हे सारं लिहून ठेवलं आहे. तोवर परिस्थिती थोडी बदलली होती, कारण १८४३ मध्ये, ग्लॅडस्टनच्या पुढाकारानं, संसदेनं कायदा करून या मजुरांच्या नोंदणीसाठी वेगळं ऑफिस उघडलं होतं. काम ऑफिसातून मिळणार, पगार ऑफिसात मिळणार, पबवाल्याचा त्यात हात नाही. हा कायदा १८५६ मध्ये संपला, पण प्रश्न कळला होता. पुढे १८८३ मध्ये कामगारांचा पगार पबमध्ये देण्यावरच कायद्यानं बंदी आली.

माझ्या मते पबच्या इतिहासातलं हे सगळ्यात महत्त्वाचं वळण आहे, आणि पबवर लोभ करणारी पुस्तकं ते एका परिच्छेदात उरकतात. काम आणि पगार पबच्या बाहेर पडले, तेव्हा कुठे पब कामगाराचा होऊ लागला. त्याआधी कामगारच पबचा होता.

मग आला १८८९ चा गोदी कामगारांचा संप. बेन टिलेट, टॉम मान आणि जॉन बर्न्स हे त्याचे पुढारी. तासाला सहा पेन्स ही मागणी. सुमारे पाच आठवडे संप चालला, ऑस्ट्रेलियातून कामगारांनी पैसे पाठवले, कार्डिनल मॅनिंग मध्यस्थीला उतरले आणि मागणी मान्य झाली. या संपाचं मुख्य ठाणं कुठे होतं? पॉप्लरमधल्या ‘वेड्स आर्म्स’ नावाच्या पबमध्ये. आणि गंमत अशी, की जॉन बर्न्स स्वतः आयुष्यात दारूला न शिवलेला माणूस. पन्नास वर्षांपूर्वी ज्या प्रकारच्या खोलीत मजुराला उधारीत बुडवलं जात होतं, तशाच खोलीत आता एक निर्व्यसनी माणूस संपाचे हिशेब मांडत बसला होता. वस्तीत शेकडो माणसं मावतील अशी दुसरी जागा नव्हती. एकीकडे मालकाच्या गोदामाचे दरवाजे बंद आणि दुसरीकडे घर म्हणजे एका खोलीत सात माणसं. उरला तो पब.

ख्रिसमससाठी दर आठवड्याला थोडे पैसे साठवायचे क्लबही याच पबमधून चालत. आपल्या भिशीचाच हा भाऊ. कुणी अपघातात गेला तर त्याच्या विधवेसाठी टोपी फिरे तीही इथेच. विमा नव्हता आणि बँक गरिबाला उभं करत नव्हती, त्या काळात हे सारं एका काउंटरवर होत होतं.

लेखकांनी पाहिलेला पब

आता साहित्याकडे वळू. डिकन्सच्या ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’ (१८६४-६५) या कादंबरीत नदीकाठी ‘सिक्स जॉली फेलोशिप पोर्टर्स’ नावाचा पब आहे. लाइमहाउसमधला ‘द ग्रेप्स’ हा आजही चालू असलेला पब त्याचा मूळ नमुना, असं मानलं जातं. डिकन्सनं तिथे मिस अ‍ॅबी पॉटरसन ही मालकीण उभी केली आहे. ती रात्री दहा वाजले की एकेकाला नाव घेऊन घरी पाठवते आणि वाईट चालीच्या माणसाला दारात उभं करत नाही. शिस्तीच्या मुख्याध्यापिकेसारखी ही बाई मला मनापासून आवडते. पण जाणवतं ते असं, की डिकन्सचा सारा भर उबेवर आणि शिस्तीवर आहे. त्या उबेची किंमत कोण मोजतं, हे मेह्यूनं विचारलं तसं डिकन्स इथे विचारत नाही. गोदीकाठच्या पबची आजची रम्य प्रतिमा बरीचशी या एका कादंबरीतून आली आहे.

दुसरं पुस्तक ‘द पब अँड द पीपल’. ‘मास ऑब्झर्व्हेशन’ या गटानं १९३७ पासून बोल्टन या गिरण्यांच्या गावात निरीक्षकांना पाठवलं आणि १९४३ मध्ये हे पुस्तक छापलं. गोदीचं गाव नाही, पण कामगारवस्तीच्या पबचं इतकं बारीक वर्णन दुसरीकडे नाही. कोण कुठल्या खोलीत बसतो, ग्लास रिकामा करायला किती मिनिटं लागतात, काय बोलतात, डॉमिनोज कसे खेळतात, सगळं मोजलेलं. माणसानं घर आणि कामाची जागा सोडली तर सर्वाधिक वेळ जिथे घालवला ती इमारत म्हणजे पब, हा त्यांचा निष्कर्ष. मी स्वतः आकड्यांच्या धंद्यात असल्यामुळे या पुस्तकाच्या प्रेमात पडायला मला वेळ लागला नाही. पण त्याची मर्यादाही तीच आहे. निरीक्षक पबच्या आत बसला होता. पबबाहेर, त्याच वेळी, घरी कोण काय करत होतं हे त्याच्या वहीत येऊच शकत नव्हतं.

तिसरा लेखक ऑर्वेल. ‘द मून अंडर वॉटर’ हा त्याचा छोटा लेख फेब्रुवारी १९४६ मध्ये वर्तमानपत्रात आला. त्यात तो आपल्या आवडत्या पबचं वर्णन करतो आणि शेवटी सांगतो की असा पब अस्तित्वातच नाही. या तिघांमध्ये मला ऑर्वेल सर्वांत प्रामाणिक वाटतो, आणि त्याचं कारण त्याची बाग आहे. त्याच्या कल्पनेतल्या पबला मागे बाग आहे, तिथे मुलं खेळतात, त्यामुळे आईला घरी अडकून पडावं लागत नाही. मुलांना आणि पर्यायानं बायकांना बाहेर ठेवल्यामुळेच पब नुसते दारूचे अड्डे होतात, असं तो स्पष्ट म्हणतो. आदर्श पबचं पहिलं लक्षण त्यात कोण येऊ शकतं हे आहे, ही गोष्ट त्याला दिसली.

दाराबाहेर कोण होतं?

पबची परीक्षा खरी इथे होते. मास ऑब्झर्व्हेशनच्या पुस्तकातच दिसतं की बोल्टनच्या पबमध्ये पुरुषांच्या साध्या खोल्या वेगळ्या होत्या. तिथे बायका बसत नसत. बायकांना बसायचं तर शनिवारी-रविवारी नवऱ्याबरोबर, चांगल्या खोलीत, आणि तिथे बिअरही पेनी-अर्धा पेनी महाग. १९५७ साली यंग आणि विलमॉट यांनी पूर्व लंडनच्या बेथनल ग्रीनवर लिहिलेल्या पुस्तकात वस्तीचं खरं केंद्र पब नसून ‘मम’चं, म्हणजे आईचं, स्वयंपाकघर आहे असं दिसतं. लेकी रोज आईकडे, नाती तिथे जपली जातात, खोल्या भाड्यानं तिच्या ओळखीवर मिळतात.

दाराबाहेर दुसरा कोण होता? आपला माणूस! लंडनच्या गोद्यांत पूर्वेकडून येणाऱ्या जहाजांवर ‘लास्कर’ म्हणजे हिंदी खलाशी असत. मुंबईहून निघणाऱ्या बोटींवर रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान डेकवर आणि गोव्याचे ख्रिस्ती लोक जेवणखाण्याच्या विभागात, अशी वाटणी पुष्कळ काळ चालली. म्हणजे कोकणातली बोली थेम्सकाठी ऐकू आली ती आपल्या आयटीवाल्यांच्या दीडशे वर्षं आधी. या खलाशांसाठी १८५७ मध्ये वेस्ट इंडिया डॉक रोडवर ‘स्ट्रेंजर्स होम’ नावाचं वसतिगृह निघालं. महाराजा दुलीप सिंग यांनी त्याला मोठी देणगी दिली होती. १९३७ पर्यंत ते चाललं. नावातच सगळं आलं: परक्यांचं घर. बहुसंख्य लास्कर दारू पीत नसत, आणि पीत असते तरी पब ही त्यांची बैठकीची खोली नव्हती.

पुढे कारखान्यांच्या गावांत स्थायिक झालेल्या हिंदी कामगारांना काही पबमध्ये ‘फक्त गोऱ्यांसाठी’ अशा खोल्यांना तोंड द्यावं लागलं. बर्मिंगहॅमजवळच्या स्मेथिकमध्ये अवतार सिंग जौहल आणि इंडियन वर्कर्स असोसिएशन यांनी त्याविरुद्ध झगडा केला. १९६५ च्या फेब्रुवारीत माल्कम एक्स मुद्दाम तिथे येऊन गेला. त्याच वर्षीच्या कायद्यानं पबसारख्या सार्वजनिक जागी वर्णभेद करणं बेकायदा ठरलं. आज आपण कुठल्याही पबमध्ये शिरून निवांत बसतो, त्यामागे जौहल यांच्यासारख्या माणसांची झीज आहे. आपल्या स्मरणिकांत त्यांचं नाव सहसा येत नाही, म्हणून इथे लिहितो.

आपल्याकडे पब कुठे होता?

मुंबईच्या गोद्या लंडनच्याच काळातल्या. ससून डॉक १८७५, प्रिन्सेस डॉक १८८०, व्हिक्टोरिया डॉक १८८८. गोदीत काम मिळायचं ते टोळीवाल्याच्या हातून, गिरणीत मुकादमाच्या हातून. हा मुकादम कामही देई, कर्जही देई, कधी खोलीही मिळवून देई, आणि दारूच्या किंवा वाण्याच्या दुकानात त्याचा हात असे. राजनारायण चंदावरकर या इतिहासकारानं गिरणगावच्या वस्तीचा हा सगळा गुंता तपशिलानं मांडला आहे. म्हणजे थेम्सकाठच्या पबवाल्याचाच हा मुंबईकर भाऊ. गोदीतला हा कारभार मोडायला १९४८ चा कायदा यावा लागला, आणि त्यानंतर डॉक लेबर बोर्डामार्फत नोंदणी सुरू झाली.

मात्र एक मोठा फरक आहे. पबनं जी कामं एका छपराखाली केली, ती आपल्याकडे विखुरली गेली. जेवण आणि उधारी खाणावळीत. झोप गावच्या मंडळाच्या खोलीत, जिथे भिंतीला लागून प्रत्येकाची पत्र्याची पेटी, आणि पाळी संपवून आलेल्याची वळकटी पडली की पाळीला निघालेल्याची उचलली जायची. गोव्याच्या खलाशांचे ‘कूड’ धोबी तलाव भागात, गावागावांचे वेगळे, आत पेट्या आणि आल्तार, आणि बोट मिळेपर्यंतचा मुक्काम. अंगमेहनतीचा रुबाब व्यायामशाळेत. गाणं भजनी मंडळात आणि शक्ती-तुऱ्यात. नाटक परळच्या दामोदर नाट्यगृहात, जे १९२२ पासून कामगार रंगभूमीचं घर होतं. आणि गप्पा? त्या नाक्यावर. भाऊ पाध्यांच्या ‘वासूनाका’ (१९६५) या कादंबरीवर अश्लीलतेचा गदारोळ झाला, पण माझ्या मते ती मराठीतली ‘पबची कादंबरी’ आहे. फक्त तिला छप्पर नाही. चाळीत दहा बाय बाराची खोली, म्हणून पोरं नाक्यावर. लंडनच्या गोदी कामगारानं पब जवळ केला त्याचं कारणही तेच.

मग दारूच्या दुकानाकडे काय उरलं? नुसती दारू. त्यात १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि उरलेला आडोसाही चोरटा झाला. गुत्ता, हातभट्टी, कुणा ‘आंटी’ची मागची खोली. चोरून, घाईनं, उभ्यानं प्यायचं आणि निघायचं. जिथे बसता येत नाही तिथे संस्था तयार होत नाही. म्हणून आपल्या साहित्यात दारू येते ती सर्वनाश म्हणून किंवा विनोद म्हणून. आणि गडकऱ्यांच्या बाबतीत एक विसरू नये: त्यांचा सुधाकर वकील आहे, गोदी कामगार नाही. एका पांढरपेशाच्या अध:पाताची ती शोकांतिका आहे. आपण मात्र तीच फूटपट्टी घेऊन साऱ्या कष्टकरी वस्तीकडे पाहत आलो.

आपल्या बाजूनं एक मोठी जमेची गोष्ट म्हणजे खाणावळ. पबच्या काउंटरमागे क्वचित मिस अ‍ॅबी असे. खाणावळीच्या चुलीपुढे मात्र नेहमी बाईच असे. आपल्याच खोलीत दहा-वीस गड्यांचा दोन वेळचा स्वयंपाक करणारी, महिन्याचा हिशेब तोंडपाठ ठेवणारी ही बाई संपाच्या दिवसांत उधारीवर जेवू घाली. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये याच बायकांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. त्या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून देणं, हे काम कुठल्याही पबमधल्या क्लबपेक्षा मोठं होतं. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा अशा खाणावळींनीही झळ सोसली.

पण खाणावळीलाही दार होतं, आणि तेही सर्वांना उघडं नव्हतं. खाणावळी गावाच्या, भावकीच्या, जातीच्या. मंडळाची खोलीही तशीच. गिरणीत दलित कामगाराला विणकाम खात्यात घेत नसत, कारण तिथे धोट्यातून धागा तोंडानं ओढावा लागे आणि त्याच्या उष्ट्याचा विटाळ इतरांना चालत नसे. एकत्र संप करणारी माणसं एका पंगतीला बसत नव्हती. पबच्या ‘फक्त गोऱ्यांसाठी’ खोलीवर आपण जरूर रागवावं, पण रागावताना आपल्या या पंगतीचीही आठवण ठेवावी.

आज दोन्हीकडे काय उरलं

लंडनच्या गोद्या १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून एकेक करून बंद झाल्या. कंटेनर आले, काम टिलबरीला गेलं. वेस्ट इंडिया डॉक १९८० मध्ये, रॉयल डॉक्स १९८१ मध्ये मिटले. त्या जागी कॅनरी व्हार्फ उभं राहिलं. २०२२ मध्ये एलिझाबेथ लाइन झाल्यापासून रीडिंगहून गाडी न बदलता तिथे जाता येतं, आणि या गाडीत सकाळी आपले किती लोक असतात हे मी वाचकांना सांगायला नको. मीही एका बँकेच्या प्रकल्पावर तिथे काही काळ काम केलं. जिथे लास्कर उतरत होते, त्याच पाण्याच्या कडेला आता आपण सर्व्हर सांभाळतो. लाइमहाउसचा ‘ग्रेप्स’ दहा मिनिटांवर आहे. पब शाबूत आहे, गोदी कामगार मात्र त्या रस्त्यावर नाही.

गिरणगावात बरोबर उलट झालं. कामगार गेला आणि त्यानंतर पब आला. लोअर परळच्या कमला मिलच्या आवारात पब आणि रेस्तराँची गर्दी झाली. २९ डिसेंबर २०१७ च्या रात्री तिथल्या गच्चीवरच्या आगीत १४ जण गेले, तेव्हा साऱ्या देशाला कळलं की गिरणीचं आता काय झालं आहे. त्या आवारात पूर्वी पाळी बदलताना भोंगा होत असे. दामोदर नाट्यगृहही २०२३ मध्ये पुनर्बांधणीसाठी बंद झालं आणि ते परत कसं मिळणार यावर कलावंतांना आवाज उठवावा लागला.

इंग्लंडनं एक गोष्ट मात्र शिकण्यासारखी केली. पबची संख्या इथेही घटते आहे. २००० साली ६० हजारांच्या घरात असलेले पब आता ४५ हजारांच्या आसपास आले आहेत. पण २०११ च्या लोकलिझम कायद्यानं वस्तीला असा हक्क दिला, की एखादी जागा ‘समाजाच्या उपयोगाची’ म्हणून नोंदवून घेता येते, आणि ती विकायला निघाली तर वस्तीला बोली लावायला काही महिन्यांची मुदत मिळते. कितीतरी पब यामुळे वाचले आणि काही तर गावकऱ्यांनी वर्गणी काढून विकत घेतले. खाणावळीला, नाक्याला, कुडाला, गावच्या खोलीला असा कायदा कधी मिळाला नाही. त्यांची कुठे नोंदच नव्हती, तर वाचवणार कसं?

तरीही केवळ इमारत वाचली म्हणजे सगळं वाचलं, असं समजण्याचं कारण नाही. जुन्या जहाजांची चित्रं आणि पितळी कंदील टांगलेला, पण कुणी कुणाला ओळखत नसलेला पब म्हणजे नेपथ्य. नाटक संपलेलं आहे.

मग आपलं काय?

पबकडून घ्यायचं काय, याचं उत्तर मला या सगळ्या वाचनातून तीन गोष्टींत मिळतं. तिथे जायला आमंत्रण लागत नाही. तिथे किती वाजता आलात आणि किती वाजता निघालात याची नोंद नसते. आणि तिथे आलेला माणूस दोन आठवडे दिसला नाही तर कुणीतरी विचारतं, ‘कुठे गेला रे तो?’ यांपैकी एकाही गोष्टीसाठी बिअर लागत नाही.

आपली मंडळं याच्या नेमकी उलट चालतात. गणपती, दिवाळी, संक्रांत. शाळेचा हॉल ताशी भाड्यानं, तिकीट आगाऊ, पाच वाजता हॉल रिकामा करून खुर्च्या रचून ठेवायच्या. कार्यक्रम देखणे होतात आणि त्यामागे राबणाऱ्यांबद्दल मला आदरच आहे. पण सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेले आजोबा मंगळवारी दुपारी कुठे जातात? नव्यानं लग्न होऊन आलेली, अजून नोकरी नसलेली मुलगी? कॉन्ट्रॅक्ट संपून तीन महिने घरी बसलेला आणि कुणाला न सांगणारा आपला एखादा मित्र? दिवाळीच्या कार्यक्रमात या तिघांना आपण भेटतो, हसतो, ‘काय, कसं काय?’ विचारतो आणि ‘मजेत’ हे उत्तर ऐकून पुढे सरकतो. खरं उत्तर द्यायला जितका वेळ लागतो तितका वेळ त्या हॉलच्या भाड्यात बसत नाही.

म्हणून पबच्या खोलीत भेटावं का, या प्रश्नावर माझं मत असं. जागा पब असो, ग्रंथालय असो, चर्चचा हॉल असो, की एखाद्या उडपी हॉटेलचा कोपरा. ठरलेला वार हवा, ठरलेली वेळ हवी, आणि तिकीट नको. पबची खोली अनेकदा स्वस्त किंवा फुकट मिळते, हा तिचा फायदा. पण ती निवडली तर तिथे न पिणारा माणूस चहा घेऊन तितक्याच मोकळेपणी बसू शकतो का, आजी येऊ शकतात का, मुलांना आणता येतं का, हे आधी पाहावं. ऑर्वेलची बाग आपल्याला हवी आहे. आणि त्याच वेळी आपल्या पंगतीकडेही पाहावं. नागपूरकडचा, बेळगावचा, बोलीत बोलणारा, आडनावावरून चटकन न कळणारा, इथे हॉटेलच्या मुदपाकखान्यात किंवा केअर होममध्ये कामाला असलेला मराठी माणूस आपल्या मंडळात किती दिसतो? जर दिसत नसेल, तर दार कुठेतरी आहेच, फक्त त्यावर पाटी लावलेली नाही.

गोदी कामगाराला पब मिळाला तो कुणी दिला म्हणून नाही. त्यानं आधी आपला पगार त्या काउंटरवरून उचलून बाहेर नेला, आणि मग मोकळ्या हातानं आत येऊन बसला. खाणावळवाल्या बायकांनी सावकाराचा पाश सोडवला, तेव्हा चूल त्यांची झाली. जागा आपली होते ती अशी. पुढच्या वार्षिक सभेत हिशेबाच्या पत्रकानंतर या विषयाला पंधरा मिनिटं ठेवावीत, आणि पहिल्या बैठकीचा वार तिथेच ठरवावा, एवढी विनंती करतो.